मागचा व्हॉल्व्ह

—काढू नका. हात काढू नका, लेखकमहाशय, खणातच राहू द्या. चारी बोटं आत, अंगठा बाहेर — हां, तसंच. आता माझ्याकडे बघा. खणाकडे काय बघताय, खण कुठे पळून जात नाही. हे टेबल माझ्याबरोबर सहा देश फिरलंय, लाकूड एवढं जाड की हलवायला चार माणसं लागतात, आणि हा खण मी आता अंगात आहे तेवढा जोर लावून बंद करणार आहे. माझ्यावर विश्वास आहे? आहे की नाही? "आहे, पण" नको — ही पणवाली माणसं मी पहिल्या आठवड्यातच घरी पाठवायचो. आहे? शाब्बास. एक, दोन — हा घ्या! ... झालं. डोळे उघडा. अहो, उघडा की डोळे, किती घट्ट मिटलेत! मोजा बोटं. चार आहेत ना? लागलं? नाही ना? बोटांच्या अलीकडे पाव इंचावर थांबला खण. मग एवढे पांढरेफटक कशाला पडलात? पाणी प्या, हा घ्या ग्लास. आणि ते तुमचं यंत्र चालू आहे ना, रेकॉर्ड होतंय ना सगळं? कारण हा तुमच्या पुस्तकाचा पहिला धडा. कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांना माझ्याकडून नेतृत्वाचे धडे हवेत — तर लिहा, नेतृत्व म्हणजे दुसऱ्याची बोटं तुमच्या खणात असणं, आणि त्याने ती काढून न घेणं. बाकी सगळ्या गप्पा.

आता तो भिंतीवरचा फोटो बघा. ओळखलंत? मीच तो, पस्तिशीतला, डोक्यावर केस होते तेव्हाचा. बाही कोपराच्या वर, आणि उजवा हात कुठे आहे? प्रेसच्या जबड्यात. प्रेस म्हणजे छपाईची नव्हे हो — तुम्हाला प्रेस म्हटलं की कागदच आठवणार. ही पत्रा दाबायची. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर हात पोचायचा नाही एवढी उंच. वरून चारशे टनांचा दाब खाली येतो, धाडकन, आणि सपाट पत्र्याचं एका ठोक्यात गाडीचं दार होतं. मध्ये बोट असलं तर बोटाचंही होतं. समोर किरणांचा पडदा असतो, सेन्सर म्हणतात त्याला — डोळ्यांना दिसत नाही, पण हात आत गेला की मशीनने जागच्या जागी थांबायला हवं. कामगारांचा त्या सेन्सरवर काडीचा विश्वास नसायचा. कसा असणार, प्रत्येकाने कोणाची ना कोणाची बोटं जाताना बघितलेली! मग ते बिचकत काम करायचे. पत्रा ठेवायचा, दोन पावलं मागे यायचं, मग बटण. तासाला अडीचशे ठोके. मला चारशे हवे असायचे. तर मी नव्या कारखान्यात गेलो की पहिल्या दिवशी भाषण करायचो नाही. सगळी पाळी प्रेसभोवती गोळा करायची, कोट काढायचा, घड्याळ काढून पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं, हात जबड्यात ठेवायचा आणि ऑपरेटरला सांगायचं — दाब बटण. तो रडकुंडीला यायचा. दाब म्हणतो ना! एकदा, दोनदा, तीनदा. मशीन हलायची नाही. आणि मग जो गलका व्हायचा, लेखकमहाशय, लोक डोक्यावर घ्यायचे मला! दुसऱ्या दिवसापासून चारशे ठोके. अकरा कारखाने. अकराही ठिकाणी हेच.

किती वाजले? पावणेअकरा? बरं. नाही, सहज विचारलं. म्हणजे — सहज असं नाही. आज आमच्या लेकीचा पहिला दिवस आहे. मुंगी म्हणतो आम्ही तिला, लहानपणी एका जागी बसायचीच नाही. आज ती एका कारखान्याची प्रमुख झाली, माझ्याच जुन्या कारखान्यांपैकी शेवटच्या, अकराव्या. तिथे आपल्या साडेअकराला पहिली पाळी गोळा होणार आणि ती हात ठेवणार. हो, प्रेसमध्येच! बापाची पद्धत आहे ती, दुसरं काय ठेवणार! या फोटोखाली अभ्यास केलाय तिने, पाढे पाठ केलेत. परवा फोन आला होता. "बाबा, मी चार नंबरच्या प्रेसवर करणार." मी म्हटलं, चार नंबरच का गं, बाकीच्या सात आहेत की. तर म्हणाली, "लोक चार नंबरला घाबरतात बाबा, तिच्याजवळून जाताना हात खिशात घालतात. जिथे भीती आहे तिथेच ठेवायला हवा ना हात?" एवढीशी होती हो ती, आणि आता असं बोलते. मी काय म्हणालो? शाब्बास म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तुम्ही लिहा, थांबू नका. दुसरा धडा. घाबरलेल्या माणसासमोर कधी बसायचं नाही. दुसऱ्या देशात होतो तेव्हा संपवाल्यांनी मला ऑफिसात कोंडलं, चौदा तास. काचा फोडल्या, बाहेर टायर जाळले, धुराने डोळ्यांची आग. माझ्या हाताखालचे तिघे मॅनेजर टेबलाखाली, एकाची तर बोबडी वळलेली, आईला हाका मारत होता, पन्नाशीचा बाप्या! त्यांचा पुढारी आत आला, हातात लोखंडी पट्टी. काहीतरी बोलायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. समोर पाना पडला होता, हातभर लांबीचा — तो उचलला आणि त्याच्या जबड्यावर घातला. आवाज अजून कानात आहे. दात असे पडले, टेबलावर, खडखड. आणि सगळं शांत. अहो, त्याच दुपारी काम सुरू झालं! नंतर कळलं, तो पट्टी घेऊन आला होता ती दाराची कडी बाहेरून फसली होती म्हणून. आम्हाला सोडवायलाच आला होता म्हणे. असेल. मला कसं कळणार, मला त्याची भाषा कुठे येत होती?

हां, तो तिसरा धडा. त्यांची भाषा शिकायची नाही. कुठल्याच देशात शिकलो नाही मी. चार-पाच शब्द पुरतात — हात, हवा, चालू, बंद, उद्या. बाकी दुभाषी ठेवायचा. त्यांनी शिव्या दिल्या तर दुभाषी गाळून सांगतो, विनवण्या केल्या तर थोडक्यात सांगतो, आपल्याला वेळ मिळतो. मुंगीचं उलटं. तीन महिने आधी जाऊन शिकली ती, रोज सकाळी दोन तास. म्हटलं कशाला एवढी घासतेस, ती जुनी दुभाषी बाई अजून आहे तिथे, मोठी हुशार आहे. तर म्हणे, "बाबा, ते काय म्हणतात ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय." ऐक म्हटलं. ऐकलंस की कळेल —

काय करताय तुम्ही? खण का ओढताय? हात काढा तिथून! पुरे झालं, एकदा दाखवलं ना — अहो, ठेवा ते! ठेवा म्हणतो ना! ... हो. पाचर आहे. लाकडाची पाचर आहे, मागच्या बाजूला ठोकलेली. त्यामुळे खण पूर्ण बंद होत नाही. मग? मग तुमची बोटं खरंच तोडायची होती का मी? मोठा शोध लावलात! पाहुणा म्हणून घरात घेतलं, चहा पाजला, आणि तुम्ही माझे खण उचकटताय? फुटला तर फुटला ग्लास, तुमच्या अंगावर नाही फेकला, भिंतीवर फेकला. बसा. बसा म्हणतो ना! काचेवर पाय पडेल. मला राग येतो तेव्हा मी असाच आहे, विचारा कोणालाही. बायको वेगळी राहते ती उगाच नाही.

काय विचारलंत? परत विचारा. नाही, हिंमत असेल तर परत विचारा, मोठ्याने, यंत्रात येऊ द्या. "प्रेसमध्येही पाचर होती का?"

नव्हती. प्रेसमध्ये पाचर घालता येत नाही, लोकांना दिसेल. तिथे — ते यंत्र बंद करा. नाही, राहू द्या चालू, खोडता येईल नंतर. तिथे मागे हवेचा व्हॉल्व्ह असतो. ही मशीन हवेच्या दाबावर सुटते. हवा मिळाली नाही तर बटण दाबून बोट मोडलं तरी ती खाली येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर फिरते, आवाज येतो, हिरवा दिवा लागतो — पण आत हवाच नाही. आणि व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, खाली, तेलकट कोपऱ्यात, तिकडे कोण जातंय? माझा मिस्त्री जायचा. माझ्याबरोबर सगळीकडे असायचा, चौथ्या देशापासून पुढे तर आम्ही सख्ख्या भावासारखे. मी कोट काढायला लागलो की तो मागे जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा. मी घड्याळ परत हातात घातलं की उघडायचा. एवढंच. सेन्सरचा त्यात काही संबंधच नव्हता. तो चालू असला काय नि नसला काय.

असं बघू नका माझ्याकडे. वेडा होतो का मी खरा हात घालायला? मिस्त्रीने आणि मी एकदा चाचणी घेतली होती, त्या चार नंबरवरच, लाकडाची काठी घालून, तो सेन्सर किती भरवशाचा ते बघायला. एकोणचाळीस वेळा थांबली मशीन. चाळिसाव्यांदा काठीचा भुसा झाला. तेलाचा फवारा उडतो ना, सेन्सरच्या काचेवर धरतो, मग किरणाला हात दिसत नाही. आणि लोकांच्या मनातली भीती तर घालवायलाच हवी होती, नाहीतर कारखाना बंद पडला असता, आठशे घरं उघड्यावर आली असती — याला फसवणूक नाही म्हणत, याला... तुम्ही लेखक आहात, तुम्ही शोधा शब्द.

अकरा वाजून पाच. अजून पंचवीस मिनिटं आहेत. नाही, सेन्सर बदललाच असेल हो. नऊ वर्षं झाली. कोणीतरी बदललाच असेल.

नऊ वर्षं कशाला म्हणजे? सांगतो ना. ऐकायचंच आहे तर ऐका. त्या अकराव्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा एक सुपरवायझर होता. हसरा म्हणायचो मी त्याला. नाव जिभेवर चढायचं नाही, आणि तोंड कायम हसरं, शिव्या घातल्या तरी. माझा खेळ त्याने पहिल्या पाळीबरोबर बघितला, आपल्या पाळीच्या आधीच आला होता मुद्दाम. घड्याळ मी त्याच्याच हातात दिलं होतं. परत देताना दोन्ही हातांनी दिलं, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी मी विमानतळावर निघालो, माझं काम झालं होतं. त्याची पाळी लागली. त्याच्या माणसांनी माझा खेळ बघितलेला नव्हता, ती बिचकतच काम करत होती. तर याने गोळा केलं सगळ्यांना, चार नंबरपाशी. घड्याळ काढून दिलं कोणाकडे तरी — सगळं माझ्यासारखं. आणि म्हणाला, साहेबांनी एक हात ठेवला, मी दोन्ही ठेवतो.

व्हॉल्व्ह उघडा होता. असणारच, कारखाना चालू होता.

पहिल्यांदा थांबली मशीन. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा थांबली. तिसऱ्यांदाही. मग मागचे ओरडले, आम्हाला दिसलं नाही, परत कर. तो हसला म्हणे. ठेवले परत. आणि चारशे टन खाली आले. आवाज — एरवी पत्र्याचा कसा कडक आवाज येतो, तसा आला नाही म्हणे. ओला आला. मनगटापासून दोन्ही. वर उचलायला मशीन उलटी फिरवायला लागते, बटणावरचा माणूस बेशुद्ध पडलेला, कोणाला काही सुचेना, सहा मिनिटं तो तसाच उभा होता, हात आत. ओरडत नव्हता. दुभाषी बाई होती तिथे, तिने नंतर सांगितलं, तो सारखा एकच विचारत होता — "सेन्सर चालू आहे ना? चालू आहे ना?"

मी परत गेलो. हो, अर्थातच परत गेलो, सरळ दवाखान्यात, त्याच्या उशाशी बसलो रात्रभर. लिहा ते. चौथा धडा, आपल्या माणसाला... नाही. थांबा. नका लिहू. मला फोन आला तेव्हा मी विमानतळावर खुर्चीत बसलो होतो, हातात तिकीट. दुभाषी बाईचाच फोन. म्हणाली, साहेब, लोक तुमची वाट बघताहेत. मी म्हटलं, माझ्या छातीत दुखतंय, येऊ शकत नाही, सांगा सगळ्यांना. तिने सांगितलं. आणि मी विमानात बसलो. खिडकीची जागा होती. जेवलोसुद्धा, खोटं कशाला बोलू? मिस्त्री शेजारी बसला होता, त्याने हात लावला नाही ताटाला. उतरलो, हॉटेलात गेलो, आणि खोलीचं दार लागल्या लागल्या तो म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्हचं सांगून टाकू या. निदान सेन्सरचं तरी." मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. एक नाही, थांबलोच नाही, त्याने हात वर केला नाही म्हणून आणखी चेव आला — टेबलाच्या कडेवर आपटला तो, पुढचा दात गेला. बारा वर्षं माझ्यासाठी तेलात लोळला होता तो माणूस. वाकून दात उचलला त्याने, रुमालात बांधला, आणि विचारलं, "अहवालात काय लिहायचं?" मी सांगितलं. "सुपरवायझरने नियम मोडला. सेन्सर निर्दोष." त्याने सही केली. मीही केली. त्यानंतर तीन वर्षं जगला, माझ्याशी कामापुरतं बोलायचा. तो मेल्यावर त्याच्या बायकोने तो दात मला पाठवून दिला, पाकिटातून, सोबत चिठ्ठी नाही काही नाही. त्याच खणात आहे. तुम्ही पाचर शोधलीत, दात दिसला नाही तुम्हाला?

काय? हो, विचारा. ... नाही. नाही बदललेला सेन्सर. मला माहीत आहे. कसं म्हणजे — तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला कळत नाही? अहवालात निर्दोष लिहिलं ना मी! निर्दोष सेन्सर कोण कशाला बदलेल? दर वर्षी तपासणीवाला येतो, माझा अहवाल बघतो, माझी सही बघतो आणि पुढे जातो. मुंगीनेही तोच वाचलाय. "बाबा, तुमचा अहवाल वाचला, सेन्सर ठणठणीत आहे, त्या माणसाने सहा नियम मोडले होते." माझ्या सहीवर हात ठेवणार आहे ती, समजलं? तिच्याबरोबर मिस्त्री नाही. मागे कोणी जाणार नाही. आणि बापाने तीनदा ठेवला होता म्हणून पोरगी चारदा ठेवेल, मी ओळखतो तिला, लहानपणापासून माझ्यापेक्षा एक जास्त. मी तीन जिने चढलो की ही चार.

किती वाजले? हे घड्याळ बरोबर आहे? तुमचं काय म्हणतंय? वीस? अहो, मग बोलत काय बसलात, फोन द्या तो! तो नव्हे, माझा, त्या वर्तमानपत्राखाली. परवापासून चार वेळा हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं काय सांगणार? एकच तर माणूस आहे या जगात मला देव मानणारं. बायकोने सोडलं, मिस्त्री तसा गेला, आणि ही पोरगी अजून तो फोटो पाकिटात घेऊन फिरते. काल रात्री वाटलं, एकोणचाळीस वेळा तर थांबतेच की मशीन. हो! असा विचार केला मी. बापाने! लिहा ना, थांबलात का, लिहा! माझ्या पोरीच्या हातांची शक्यता मोजत बसलो होतो मी या खुर्चीत!

लागतोय. लागतोय... उचल गं. उचल बाई. ... हॅलो! मुंगी! ... कोण? दुभाषी बाई? तुमच्याकडे कसा फोन — बरं, बरं, तिने धरायला दिला. ती कुठे आहे? चार नंबरपाशी? आत्ताच? अजून दहा मिनिटं आहेत ना! लोक जमले म्हणून लवकर... थांबवा तिला. फोन द्या तिच्याकडे. कानांत बोळे? मग ओरडा! माईक आहे ना हातात तुमच्या, त्यात ओरडा! काय सांगायचं म्हणजे? सांगा, वडिलांचा निरोप आहे, थांब. ... असं कसं थांबणार नाही? "कोणीही अडवलं तरी थांबणार नाही" — असं म्हणाली? सगळ्यांसमोर? मग सांगा तिला, वडिलांना झटका आलाय. छातीत कळा येताहेत, शेवटचं बोलायचंय, सांगा पटकन —

... काय म्हणालात?

... हो. मागच्या वेळीही छातीतच दुखत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत लोकांना. आठवतंय मला.

कोट काढला तिने? घड्याळ? घड्याळ कोणाच्या हातात दिलं? ... ऐका. बाई, ऐका माझं, मी बोलतो तसंच्या तसं माईकमध्ये म्हणा, आपल्या भाषेत, तिला कळेल असं. म्हणा — बाबा म्हणतात, हवा चालू असताना मी कधीच हात ठेवला नाही. मागचा हवेचा व्हॉल्व्ह बंद असायचा. अकराही वेळा बंद होता. मिस्त्री बंद करायचा. आणि चार नंबरचा सेन्सर खराब आहे, नऊ वर्षांपूर्वीही खराब होता, मला माहीत होतं. म्हणा! म्हणा ना, बाई, पाया पडतो तुमच्या!

... म्हणताहेत. ऐकू येतंय. स्पीकरवर घुमतंय माझंच वाक्य.

...

हा! ऐकलंत? हा मोठा खटका पडल्याचा आवाज, ऐकलात तुम्ही? मेन स्विच आहे तो. झोपेतून उठवलं तरी ओळखेन. मोटर उतरत चाललीय बघा, उतरतेय, उतरतेय... बंद. बंद झाली. हात बाहेर आहे ना, बाई? दोन्ही? दोन्ही बाहेर? बोटं सगळी — हां. हां. बरं झालं. बरं झालं हो. पाणी आहे का? नाही, ग्लास फुटला ना. असू द्या.

हॅलो? हो, आहे मी. बोला, बाई. काय विचारतायत लोक? "साहेब काय म्हणाले?" तर... तर सांगा काहीतरी. मशीनमध्ये बिघाड आहे, आज कार्यक्रम रद्द. ... हो, कळतंय मला. "साहेब, जे म्हणालात त्याचं भाषांतर करायचं का?" — असं विचारताय. कळतंय. कोण? पुढच्या रांगेत कोण बसलाय? ... आणि घड्याळ त्याच्या मांडीवर ठेवलंय तिने. हसरा आलाय, लेखकमहाशय. मुंगीनेच बोलावलाय. घड्याळ मांडीवर, कारण हातात कसं देणार.

... नका करू भाषांतर. ऐकू येतंय का, बाई? नका करू. पोरगी वाचली, झालं, आता आठशे लोकांना कशाला — मी म्हातारा माणूस आहे, माझं पुस्तक निघतंय. नका करू. मी सांगतो ना, तुम्ही कंपनीच्या नोकर आहात! ... हॅलो?

कोण बोलतंय तिकडे? माईकवर कोण आहे?

मुंगी आहे. त्यांच्या भाषेत बोलतेय. हळूहळू बोलतेय, अडखळत, शब्द शोधत, दुभाषी बाईला न विचारता. मला काही कळत नाहीये, काय बोलतेय ती, मला ती भाषा — थांबा. "हवा" म्हणाली. "बंद" म्हणाली. हे दोन येतात मला. हात. परत हात.

झालं तिचं बोलून. ऐका. नाही, लागलाय फोन, कट झालेला नाही. आठशे माणसं आहेत तिथे.

... हो, मुंगी. ऐकतोय. हो. हसऱ्याच्या कानाला लावतेस? आत्ता? अगं पण मी काय — मुंगी, मला त्याची भाषा येत नाही, मी काय बोलू त्याच्याशी, मला फक्त —

...

लेखकमहाशय, ते यंत्र घ्या आणि निघा तुम्ही. काचेवरून जपून. फोटो? राहू द्या तो तिथेच. जाताना दार तेवढं ओढून घ्या. हळू. आपटू नका, तिकडे ऐकू जाईल.